डाग भाजीचा, काम एन्झाइमचं

वर्धा जिल्ह्यात लग्नाची पंगत म्हटली की वांग्या-बटाट्याची तर्रीदार भाजी आलीच, आणि पांढऱ्या खादीच्या सदऱ्यावर तिचा एखादा शिंतोडाही आलाच. घरी आल्यावर सदरा बादलीत पडतो, वरून पावडर पडते आणि ब्रशने घासणं सुरू होतं. कापड विरायला लागतं तरी डागाची पिवळी-तांबूस कड हटत नाही. तोच सदरा एन्झाइम असलेल्या पावडरीत नुसता भिजत ठेवला तर डागाचा बराचसा भाग सुटून येतो. असं का होतं ते कळण्यासाठी आधी त्या शिंतोड्यात काय काय आहे ते पाहू.

तर्री म्हणजे तेल आणि त्यात उतरलेला तिखटाचा लाल रंग. रस्सा दाट होतो तो बटाट्यातल्या स्टार्चमुळे आणि शेंगदाण्याच्या कुटामुळे. कुटात तेल असतं तशी प्रथिनंही असतात. शिवाय हळद. यातलं मोकळं तेल साध्या पावडरीनेही निघतं, कारण तिच्यातल्या साबणासारख्या रेणूंचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. वाळलेल्या स्टार्चचं आणि प्रथिनांचं तसं होत नाही. त्यांचे रेणू लांबलचक साखळ्यांचे असतात. ते सुताच्या फटींत चिकटून वाळतात, पाण्यात सहज विरघळत नाहीत आणि तेलाचे, रंगाचे कण स्वतःत अडकवून ठेवतात. ब्रश वरवरचं काढतो, फटींतलं तिथेच राहतं.

या साखळ्या तोडायचं काम एन्झाइम करतात. एन्झाइम हे स्वतः एक प्रथिनच असतं. आपल्या लाळेत आणि पोटात अन्न पचवणारी असतात तीच ही जात. एन्झाइम म्हणजे अडकित्ता समजा: खांड पडतं, अडकित्ता तसाच राहतो आणि पुढच्या सुपारीला लागतो. म्हणून पावडरीत ते अगदी थोडं असलं तरी पुरतं. मात्र प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. प्रोटिएज वरण, दूध, अंडं, रक्त यांतली प्रथिनं तोडतं. अमायलेज भात, बटाटा आणि पिठाचा स्टार्च तोडतं. लायपेज तेल-तुपाचे रेणू फोडतं. तुकडे लहान झाले की ते पाण्यात उतरतात आणि खळखळून धुताना निघून जातात. खादी कडक राहावी म्हणून दिलेली खळ हाही स्टार्चच असतो, तेव्हा अमायलेज तीही काढून टाकतं. नवी खळ धुऊन झाल्यावरच द्यावी.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी 1913 मध्ये जनावरांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम कपडे धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं. पण धुण्याच्या सोड्यात ती फार टिकत नसत. 1959 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जीवाणूंपासून काढलेल्या प्रोटिएजची पावडर आली आणि ही अडचण बरीच दूर झाली. बॅसिलस कुळातले काही जीवाणू सोड्याच्या पाण्यातही काम करणारं प्रोटिएज बनवतात. मोठाल्या टाक्यांत ते वाढवून एन्झाइम मिळवता येतं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस पावडरीच्या कारखान्यांतल्या कामगारांना एन्झाइमच्या बारीक धुळीमुळे दम्याचा त्रास होऊ लागला. तेव्हापासून एन्झाइमवर आवरण चढवून त्याचे दाणे करतात. तरी कोरडी पावडर नाकाशी उडवू नये हे बरं. लायपेज पावडरीत यायला 1988 उजाडलं.

आता आपल्या बादलीकडे येऊ. एन्झाइमला पाणी लागतं, वेळ लागतो आणि थोडी ऊब लागते. साधारण 30 ते 50 अंश तापमानात ते चपळ असतं. वर्ध्याच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी आपोआपच एवढं तापतं, तेव्हा अर्धा-पाऊण तास भिजवलं तरी पुरतं. जानेवारीत नळाचं पाणी गार असतं. तेव्हा कोमट पाणी घ्यावं, नाहीतर दोन-तीन तास थांबावं. उकळतं पाणी मात्र कधीच ओतू नये. त्याने एन्झाइम निकामी होतं, आणि अंडं उकडल्यावर घट्ट होतं तसं डागातलं प्रथिनही कापडात बसतं. ब्लीचही त्याच बादलीत घालू नये, क्लोरीन एन्झाइमचा घात करतं. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे पावडरीतल्या फेस करणाऱ्या रेणूंची ताकद वाया जाते. अशा पाण्यात पावडर थोडी जास्त लागते.

क्रम असा ठेवावा. वाळलेला थर चमच्याच्या कडेने खरवडून काढावा. डाग गार पाण्याने ओला करावा. पावडर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मगच कपडा बुडवावा. भिजल्यावर हाताने हलकं चोळावं आणि भरपूर पाण्यात खळबळून काढावं.

एवढं करूनही पिवळा ठसा उरतो तो हळदीचा. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद कर्क्युमिनसाठी नावाजलेली आहे. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. कर्क्युमिन हे ना प्रथिन, ना स्टार्च, ना तेल. त्यामुळे वरच्या तिन्हींपैकी एकाचंही ते गिऱ्हाईक नाही. उलट सोड्याचं पाणी लागताच ते लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. तेव्हा धुताना डाग लाल झाला तर घाबरू नये, पाण्यात नीट खळबळला की तो पुन्हा पिवळा होतो. कर्क्युमिनला उजेड मात्र सोसत नाही. तेल आणि स्टार्च निघून रंग उघडा पडला की पांढरा सदरा ओलसर असतानाच उन्हात घालावा. विदर्भात उन्हाला तोटा नाही, एक-दोन दिवसांत ठसा फिका पडतो. तिखटाचा लाल रंगही बराचसा उन्हातच उडतो. रंगीत कपड्याचा स्वतःचा रंगही त्याच उन्हात विटतो, म्हणून हा उपाय पांढऱ्यापुरताच.

आणखी एक पथ्य आहे. रेशीम आणि लोकर हे धागे मुळात प्रथिनांचेच. प्रोटिएजला डाग कुठला नि धागा कुठला हे कळत नाही. त्यामुळे भंडाऱ्याकडची कोशाची साडी किंवा लोकरीची शाल या पावडरीत भिजवू नये. त्यांना रिठ्याचं पाणी चांगलं. सुती धागा सेल्युलोजचा असतो, प्रोटिएज त्याला हात लावत नाही.

पावडरीत एन्झाइम आहे का, हे पुडक्यावरच्या घटकांत पाहावं. खात्री करायची असेल तर घरीच एक प्रयोग होतो. पावडरीचं कोमट द्रावण दोन पेल्यांत घ्या. एकातलं आधी दहा मिनिटं उकळून गार केलेलं असू द्या. दोन्हींत उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा एकेक सारखा, धारदार कडांचा चौकोनी तुकडा टाका आणि पेले उबदार जागी एक-दोन दिवस झाकून ठेवा. न उकळलेल्या पेल्यातल्या तुकड्याच्या कडा जास्त झिजल्या, तर प्रोटिएज आहे. दोन्ही तुकडे सारखेच दिसले, तर बहुधा प्रोटिएज नाही. मग वरण-दुधाच्या डागांसाठी ती पावडर तासन्‌तास भिजवण्यात फारसा अर्थ नाही.