आवाजाचे शिक्षण पारखताना

व्यापारी घरात मुलीने ‘मला रेडिओत जायचे आहे’ असे सांगितले, की क्षणभर शांतता पसरते. पेढी, हिशेब, फार तर सी.ए. या वाटा परिचयाच्या. ध्वनिक्षेपकापुढे बसून उपजीविका करण्याची वाट अनोळखी. अशा वेळी नकार देण्यापेक्षा, माल पारखावा तशी ही वाट पारखणे उचित होय.

प्रथम क्षेत्र समजून घ्यावे. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणी केंद्र सुरू झाले. आज या क्षेत्राची तीन दारे आहेत : आकाशवाणी, खासगी एफ.एम. आणि सामुदायिक रेडिओ. खासगी एफ.एम.ला स्वतःच्या बातम्या तयार करून प्रसारित करण्याची मुभा नाही. तेव्हा बातम्यांची ओढ असणाऱ्याने आकाशवाणीचा विचार करावा. तिथेही नैमित्तिक उद्घोषकाला आवाजाची चाचणी द्यावी लागते आणि मानधन कामाच्या पाळीनुसार मिळते, मासिक पगार नव्हे. हा जमाखर्च मुलांसमोर आधीच मांडावा.

आता महाविद्यालय. माहितीपुस्तिकेतील चकचकीत स्टुडिओच्या छायाचित्रावर भुलू नये. खरा प्रश्न एकच : विद्यार्थ्याचा आवाज प्रत्यक्ष प्रसारित होतो का? चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने १ फेब्रुवारी २००४ रोजी स्वतःचे सामुदायिक केंद्र सुरू केले. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हेही याच परंपरेतले. अशा केंद्राचा पल्ला काही किलोमीटरच असतो, परंतु शिकणाऱ्यासाठी तो पुरेसा आहे. चूक झाली तर ती श्रोत्यांच्या कानावर जाते, आणि त्या धाकातूनच खरे शिक्षण घडते.

म्हणून, पालकहो, प्रवेशापूर्वी एक दिवस संस्थेत घालवा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा : वर्षभरात तू स्वतः लिहिलेले, ध्वनिमुद्रित आणि संपादित केलेले कार्यक्रम किती? संपादनाचे संगणक किती आणि ते वापरायला किती वेळ मिळतो? शिकवणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष प्रसारणात कोणी काम केले आहे? मराठीतून कार्यक्रम करण्यास वाव आहे का? गेल्या वर्षीचे विद्यार्थी आज कुठे आहेत?

त्या विद्यार्थ्याने आपला एखादा कार्यक्रम लगेच ऐकवला, तर संस्था जमेच्या बाजूला धरावी. नुसतेच प्रमाणपत्र दाखवले, तर शुल्काची रक्कम घेऊन तसेच घरी परतावे.