युद्ध, रेडिओ आणि भविष्यवाणी (लेखांक ४) : सिंगापूर कोणाच्या पापाने पडले?

मागच्या लेखात आपण बायबलमधल्या संदेष्ट्यांची ओळख करून घेतली. आज त्यांची कसोटी युद्धकाळातल्या एका वादाला लावून पाहू. इंग्रज लेखिका डोरोथी सेअर्स यांनी बीबीसीसाठी ख्रिस्तचरित्रावर बारा श्रुतिका लिहिल्या. पहिली २१ डिसेंबर १९४१ रोजी प्रसारित झाली. ब्रिटिश रंगभूमीवर तेव्हा ख्रिस्ताची भूमिका करायला मनाई होती. रेडिओवर नट दिसतच नसल्याने वाट मोकळी झाली. त्यातून सेअर्सबाईंनी शिष्यांच्या तोंडी रोजच्या वापरातली इंग्रजी घातली, जकातदार मत्तयाला तर लंडनच्या गल्लीतली कॉकनी बोली दिली. सनातनी मंडळी खवळली, प्रकरण थेट संसदेत गेले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले, तेव्हा काही विरोधकांनी निदान करून टाकले : हा या श्रुतिकांवरचा देवाचा कोप आहे, ऑस्ट्रेलियावर तीच पाळी येण्याआधी त्या बंद करा! बीबीसीच्या धार्मिक विभागाचे प्रमुख जेम्स वेल्श यांनीच हे नमूद करून ठेवले आहे.

यावर हसून पुढे जाता येणार नाही, कारण विरोधकांच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे. पराभवात देवाचा हात पाहणे ही संदेष्ट्यांचीच रीत नव्हे काय? यशयाने अश्शूरला देवाच्या क्रोधाची काठी म्हटले. यिर्मया लाकडी जू मानेवर घेऊन, बाबेलपुढे मान तुकवा, असे यरुशलेममध्ये सांगत फिरला. हे खरेच आहे. पण त्यांचे बोट कोणाकडे होते ते पाहा. ते स्वतःच्या राजाकडे, स्वतःच्या न्यायालयांकडे, विधवा-अनाथांना नाडणाऱ्या स्वतःच्या समाजाकडे होते. यिर्मयाचे ते जू मोडून टाकणारा संदेष्टा हनन्या मात्र दोन वर्षांत सगळे ठीक होईल, असे लोकांना आवडणारे भाकीत करत होता. सिंगापूरचे खापर श्रुतिकांवर फोडणाऱ्या टीकाकारांनी आपल्या साम्राज्याच्या कारभाराला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना पापी सापडली ती नाटक लिहिणारी बाई. त्यांची भाषा यिर्मयाची असली, तरी सोय हनन्याची होती.

दुसरा आक्षेप असा, की दानीएल आणि प्रकटीकरण या ग्रंथांत दिवस आणि वर्षे मोजून दिली आहेत. मग बातम्यांशी त्यांचा ताळा का घालू नये? बहुतेक अभ्यासकांच्या मते दानीएलाचे दृष्टान्त राजा अंतियोखस चौथा याने यहुद्यांच्या केलेल्या छळाच्या काळात, तर प्रकटीकरण रोमन सत्तेखालच्या आशियातील मंडळ्यांसाठी लिहिले गेले. छळ सोसणाऱ्यांना, ही सत्ता कायमची नाही, असा धीर देणे हे त्या आकड्यांचे काम होते. शिवाय खरे न ठरलेले भाकीत बायबल स्वतःच अभिमानाने जपते : चाळीस दिवसांत निनवे उद्ध्वस्त होईल असे योनाने सांगितले, लोकांनी पश्चात्ताप केला, आणि शहर वाचले. ऐकणारा बदलला की इशाऱ्याचे काम झाले.

म्हणून युद्धाच्या बातमीला बायबलचे वचन जोडणारा आवाज रेडिओवर ऐकू आला, की एकच तपासावे : तो दोष आपल्या पदरात घालतो, की दुसऱ्याच्या? दुसऱ्याच्या घालत असेल, तर ती संदेष्ट्यांची परंपरा नव्हे. पुढील लेखात २२ ऑक्टोबर १८४४ या तारखेला ख्रिस्ताची वाट पाहणाऱ्या अमेरिकेतील मिलरपंथीयांविषयी.