जांगल, जंगल आणि माळ : जीवसंहतींच्या संशोधनात भाषिक पुराव्याचे स्थान

शब्दांचे अर्थ कालांतराने पालटतात, ही भाषेच्या अभ्यासकांना सर्वपरिचित असलेली गोष्ट होय. ‘जंगल’ या शब्दाचा अर्थ मात्र पालटता पालटता जवळजवळ विरुद्ध टोकास गेला आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत भूप्रदेशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार केलेले आढळतात. त्यांपैकी जांगल देश म्हणजे उघडा, अल्प पाण्याचा, विरळ व काटेरी वृक्षांचा कोरडा प्रदेश. आज आपण जंगल म्हणतो ते दाट झाडीस; संहितांतील वर्णन मात्र देशावरील माळाशी जुळते. हा अर्थपालट केवळ व्युत्पत्तीच्या जिज्ञासूंपुरता महत्त्वाचा नाही. एखाद्या भूप्रदेशास आपण कोणते नाव देतो यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते, हे हवामानबदलाच्या चर्चेतून आता स्पष्ट होऊ लागले आहे.

विस्तीर्ण प्रदेशातील हवामान आणि त्यास अनुरूप अशी वनस्पती व प्राणी यांची सृष्टी यांच्या समुच्चयास जीवसंहती असे म्हणतात. अरण्य ही एक जीवसंहती. गवताचे आच्छादन अखंड व वृक्ष विरळ असलेली सॅव्हाना ही दुसरी. पर्जन्यमान कळले म्हणजे जीवसंहती कळली, अशी एक समजूत होती. ती अपुरी असल्याचे दाखविण्यात तरुण संशोधकांचा वाटा मोठा आहे. कार्ला स्टेव्हर या प्रिन्स्टन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी संशोधन करीत असतानाच, २०११ साली, त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका या खंडांत, जेथे वर्षास १००० ते २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि कोरडा ऋतू फार दीर्घ नसतो, तेथे अरण्य व सॅव्हाना या दोन्ही अवस्था संभवतात आणि त्यांत भेद करतो तो वणवा, असा त्याचा निष्कर्ष होता. गवत वणव्यास इंधन पुरविते. वणवा झाडांची रोपे वाढू देत नाही. मोकळे ऊन मिळाल्याने गवत पुन्हा फोफावते. छाया दाट झाली की हे चक्र तुटते. तेव्हा वृक्ष विरळ दिसले एवढ्यावरून तेथे पूर्वी अरण्य होते असे अनुमान करता येत नाही.

आपल्याकडे मात्र हे अनुमान नावातच दडलेले होते. चॅम्पियन यांनी १९३६ साली केलेल्या आणि चॅम्पियन व सेठ यांनी १९६८ साली सुधारलेल्या वनवर्गीकरणात दख्खनच्या कोरड्या प्रदेशातील वनस्पतिसृष्टी ‘काटेरी वन’ या सदराखाली येते. एकदा ‘वन’ म्हटले की विरळपणा हे वैगुण्य ठरते, आणि माळ म्हणजे वृक्षतोड व चराई यांनी ऱ्हास पावलेले वन, असा समज रूढ होतो.

हा समज तपासण्यासाठी आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या दोन तरुण अभ्यासकांनी चक्क जुन्या मराठी वाङ्मयाकडे धाव घेतली. त्यांचा निबंध २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संतचरित्रे, क्षेत्रमाहात्म्ये, लोकगीते यांसारख्या साहित्यातील भूवर्णने व वनस्पतींची नावे त्यांनी एकत्र केली. त्यांत ४४ वन्य वनस्पती आढळल्या आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक सॅव्हानाच्या निदर्शक निघाल्या. पश्चिम महाराष्ट्रातील माळ किमान ७५० वर्षांपूर्वीचे आहेत, हा त्यांचा निष्कर्ष. ब्रिटिश अमदानीतील वृक्षतोडीने हे माळ निर्माण झाले, हे मत त्यामुळे टिकत नाही. तेराव्या शतकापूर्वी काय होते, हा प्रश्न अर्थात् वेगळा राहतो. तेथे परागकण व मृदेतील कार्बन यांचाच आधार घ्यावा लागेल.

अशा पुराव्याचे मोल ठरविताना भाषाभ्यासकाने तीन प्रश्न विचारावयास हवेत. पहिला, संहितेचा. लीळाचरित्र तेराव्या शतकातील खरे. परंतु मूळ प्रत नष्ट झाल्यावर ते स्मृतीच्या आधारे पुन्हा सिद्ध करण्यात आले, अशी परंपरा आहे. म्हणून पाठभेद पाहिल्यावाचून एखाद्या वृक्षनामावर भिस्त ठेवता येत नाही. दुसरा, नावाचा. एकच वनस्पती गावोगाव निराळ्या नावाने ओळखली जाते आणि एकच नाव अनेक वनस्पतींस लागते. तिसरा, संकेताचा. काव्यातील वनवर्णनात आंबा, चंदन, चाफा यांची हजेरी पुष्कळदा परंपरेने लागते. तेथे कवीने ते वृक्ष पाहिलेच असतील असे नाही. याउलट, कथेच्या ओघात कोणी बाभळीखाली बसला असे सहजगत्या आले, तर त्या उल्लेखामागे अलंकाराचा हेतू नसतो, आणि म्हणूनच तो अधिक विश्वासार्ह असतो.

हा वाद केवळ पांडित्याचा नव्हे. पृथ्वीवर ९० कोटी हेक्टर क्षेत्रात नवे वृक्षाच्छादन शक्य असून त्यात २०५ अब्ज टन कार्बन साठविता येईल, असे प्रतिपादन २०१९ साली ‘सायन्स’मध्ये झाले. सॅव्हाना व गवताळ प्रदेश या हिशेबात धरल्यामुळे हा आकडा सुमारे पाचपट फुगला आहे, असा आक्षेप त्याच वर्षी अनेक शास्त्रज्ञांनी नोंदविला. भारतानेही २०१५ साली, २०३० पर्यंत वृक्षाच्छादन वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषण्याची अधिकची क्षमता निर्माण करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ही झाडे लावावयाची कोठे? ‘पडीक’ म्हणून नोंदलेला माळ साहजिकच प्रथम डोळ्यांत भरतो. परंतु माळाचा कार्बन मुख्यत्वे जमिनीखाली, मुळांत व मातीत असतो, आणि तो वणव्यातही बव्हंशी सुरक्षित राहतो. दाट लागवडीने गवत मरते. धनगरांची चराई जाते. आधीच नामशेष होत चाललेल्या माळढोकास थारा उरत नाही. ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे, त्याच्यासाठी सोलापूर जिल्ह्यात राखलेल्या गवताळ प्रदेशासही आपण ‘अभयारण्य’ म्हणतो, यावरून अरण्यवाचक शब्दांचा आपल्या विचारावरील पगडा ध्यानात यावा.

जेथे अरण्य होते तेथे ते पुन्हा उभे करणे योग्यच. प्रश्न आहे तो कोठे काय होते हे ठरविण्याचा, आणि तेथे वनस्पतिशास्त्रज्ञास भाषेच्या अभ्यासकाचे साहाय्य हवे आहे. वनस्पतिनामांचा प्रदेशवार व कालानुक्रमी कोश, प्रत्येक नोंदीस पाठभेदांसह संदर्भ आणि उल्लेख सहज आहे की सांकेतिक याचा निर्देश, असे काम आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी अवश्य हाती घेऊ शकतील.