कॅमेऱ्याची तिवई : निवडावी कशी?

कॅमेरा घ्यावयाचा म्हटले की घरात महिनाभर चर्चा चालते. चार जाणत्यांना विचारले जाते, दुकाने पालथी घातली जातात, किमती ताडून पाहिल्या जातात. तिवईची वेळ आली म्हणजे मात्र दुकानदार जी पुढे करील ती उचलून आपण घरी येतो. जुने छायाचित्रकार जिला स्टँड म्हणत आणि आज जिला सर्रास ट्रायपॉड म्हटले जाते, ती ही तीन पायांची वस्तू अनेक घरांत पहिल्या सहलीनंतर माळ्यावर चढते आणि तेथेच राहते. एखादी इतकी जड असते की बरोबर नेण्याचा कंटाळा येतो. एखादी इतकी हलकी, की वाऱ्याच्या झुळकीसरशी कॅमेऱ्यासह थरथरते. दोष बहुधा तिवईचा नसतो. ती कोणत्या कामासाठी हवी, हा प्रश्नच घेताना कोणी विचारलेला नसतो. तो प्रश्न घरी बसून आधी सोडविला, तर निम्मी निवड तेथेच होऊन जाते, असे आमचे मत आहे.

तिवईचे काम कोणते?

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटे कॅमेरा निश्चल ठेवावा लागे. साहजिकच कॅमेरा आणि त्याची घोडी ही जोडी जन्मापासूनची. आम्हां इंदूरकरांना तर या जोडीचा एक विशेष अभिमान आहे. लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीवर आले आणि १८७४ च्या सुमारास येथेच छायाचित्रणाकडे वळले. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची कीर्ती देशभर झाली. मध्य भारतातील किल्ले, मंदिरे आणि राजवाडे त्यांनी काचेच्या पाटीवर टिपले, ते लाकडी घोडीवर बसविलेल्या अवजड कॅमेऱ्याने. त्या चित्रांतील दगडाचा कण न् कण आजही स्पष्ट दिसतो, त्याचे थोडे श्रेय त्या घोडीलाही द्यावयास हवे.

आता कॅमेरे हलके झाले. खिशातल्या मोबाईलनेही रात्री चित्र निघते आणि हाताचा कंप सावरणारी यंत्रणा कॅमेऱ्यातच असते. मग तिवई कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका जुन्या हिशेबात आहे. लेन्स ५० मिलीमीटरची असेल तर हातात धरून काढलेल्या चित्रासाठी शटरचा वेग निदान १/५० सेकंद असावा. २०० मिलीमीटरची असेल तर १/२०० सेकंद. कंप सावरणारी यंत्रणा ही मर्यादा बरीच सैल करते हे खरे. परंतु संध्याप्रकाशात, समईच्या उजेडात, चांदण्यात शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते, तेथे तिच्यावर विसंबून चालत नाही.

तिवईचे आणखी एक काम आहे आणि कुटुंबाच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे. कोणत्याही घरातला जुना अल्बम उघडून पाहावा. मुंजी, लग्ने, साठीशांती, सगळे समारंभ त्यात असतात; पण हौसेने कॅमेरा धरणारी व्यक्ती, मग ते काका असोत की आत्या, त्यात क्वचितच सापडते. वर्षानुवर्षे सर्वांची चित्रे काढणाऱ्या माणसाचेच एकही चांगले चित्र घरात नसते. तिवई आणि कॅमेऱ्यातील दहा सेकंदांचा टायमर एवढ्याने ही उणीव भरून निघते.

घरातल्या कामासाठी

ज्यांना मुख्यतः घरातली चित्रे काढावयाची आहेत, त्यांनी वजनाची फारशी चिंता करू नये. तिवई एका खोलीतून दुसरीत न्यावयाची असते. दोन-अडीच किलो वजनाची, जाड पायांची, अॅल्युमिनियमची तिवई येथे उत्तम.

देवघराचे उदाहरण घ्या. फ्लॅशचा झोत टाकला की समईचा पिवळसर उजेड मरतो, पितळी मूर्तींवर पांढरे डाग उमटतात आणि देवघराचे देवघरपण हरपते. कॅमेरा तिवईवर चढवून, फ्लॅश बंद करून, दोन-चार सेकंद शटर उघडे ठेवले, तर ज्योत किंचित हलल्यासारखी दिसेल. परंतु कोनाड्यातला काळोख आणि मूर्तींवरची झळाळी डोळ्यांना दिसते तशी चित्रात उतरते. माळव्यातील जुने मराठी वाडे एकामागून एक पाडले जात आहेत. ज्यांचा वाडा अजून उभा आहे, त्यांनी माजघर, जिना, देवघर अशा रीतीने टिपून ठेवावे, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरे काम जुन्या कागदांचे. अनेक घरांत विटलेली छायाचित्रे आणि मोडी लिपीतली पत्रे ट्रंकेत पडून असतात. त्यांची नक्कल करताना कॅमेऱ्याचे तोंड कागदाशी अगदी समांतर असावे लागते. हातात धरून ते साधत नाही. ज्यांची मधली दांडी आडवी करता येते अशा तिवया मिळतात. त्यांवरून टेबलावर पसरलेला कागद सरळ वरून टिपता येतो. मात्र कॅमेऱ्याच्या भाराने तिवई कलंडू नये म्हणून दुसऱ्या बाजूस वजन टांगावे. कॅमेरा समांतर आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. कागदाच्या जागी लहानसा सपाट आरसा ठेवावा. पडद्यावर लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसले की कॅमेरा जागेवर आला. प्रकाश दोन्ही बाजूंनी तिरपा, साधारण ४५ अंशांनी पडेल असा ठेवावा आणि फ्लॅश वापरू नये, म्हणजे चकाकी येत नाही.

घाटावर, गडावर आणि तलावाकाठी

प्रवासात मात्र हिशेब उलटतो. महेश्वरला नर्मदेच्या उत्तर तीरावरचा घाट सायंकाळी टिपावयाचा असेल, तर किल्ल्यापासून खाली पाण्यापर्यंत पायऱ्या उतरावयाच्या असतात. मांडूला पावसाळ्यात रूपमती महालापाशी जावयाचे, तर चढण चढावयाची असते. अशा वेळी दीड किलोपर्यंतची, घडी केल्यावर पिशवीत मावणारी तिवई बरी. येथे कार्बन फायबरचा विचार करावा. हा पदार्थ अॅल्युमिनियमहून हलका असतो आणि कंपने लवकर शमवितो. किंमत मात्र पुष्कळच अधिक असते. वर्षातून दोनदा प्रवास करणाऱ्याने तो खर्च करण्याचे कारण नाही. दर आठवड्याला भटकणाऱ्याला खांद्याचा त्रास वाचतो, म्हणून तो परवडतो.

प्रवासाला निघण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील स्मारकांत तिवई लावण्यास पूर्वपरवानगी लागते. मांडूची प्रमुख स्मारके त्यांत मोडतात. परवानगी नसेल तर तेथे शेंगदाण्याएवढ्या थर्माकोलच्या गोळ्यांनी किंवा तांदळाने भरलेली लहान पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकविता येतो का, हे रखवालदारास विचारून पाहावे.

गर्दीतही तिवई उपयोगाची नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरला झांक्या निघतात, तेव्हा रस्त्यावर तीन पाय पसरणे म्हणजे स्वतःच्या कॅमेऱ्यावर आणि लोकांच्या पायांवर संकट ओढवून घेणे होय. तेथे एकपायी दांडी, म्हणजे मोनोपॉड, कामास येते. पक्षी टिपणाऱ्यांनाही ती आवडते. इंदूरचे सिरपूर तळे २०२२ साली रामसर यादीत गेल्यापासून त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. तेथे ४०० मिलीमीटरच्या वरची लांब लेन्स घेऊन तासन् तास बसावयाचे असेल, तर मात्र जाड पायांची तिवईच हवी. अशा लेन्सला स्वतःची कडी असते; कॅमेऱ्याऐवजी ती कडी तिवईला जोडावी, म्हणजे तोल मध्यावर येतो.

दुकानात काय पाहावे?

काम ठरले की मग मापे पाहावीत. पहिले माप उंचीचे. मधली दांडी खाली असताना तिवई किती उंच होते ते पाहावे. तिच्यावर डोके आणि कॅमेरा चढला की साधारण २० सेंटीमीटरची भर पडते. तेव्हा आपल्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा तेवढी कमी उंची पुरेशी होते. मधली दांडी वर खेचून मिळविलेली उंची ही उसनी उंची. ती खेचली की तीन पायांच्या तिवईवर एकपायी दांडी उभी केल्यासारखे होते.

दुसरे माप पायांच्या तुकड्यांचे. तीन तुकड्यांचे पाय अधिक मजबूत, पण घडी लांब. पाच तुकड्यांची घडी आखूड होते, परंतु शेवटचा तुकडा बोटाएवढा बारीक असतो. बहुतेकांना चार तुकड्यांचा मध्यममार्ग मानवतो. पाय उघडताना नेहमी वरचा जाड तुकडा आधी काढावा, बारीक तुकडा गरज पडली तरच.

तिसरे माप भाराचे. आपला कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स यांच्या एकत्रित वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पेलेल अशी तिवई घ्यावी. वेष्टनावर छापलेल्या आकड्यापेक्षा हाताची परीक्षा खरी. तिवई पूर्ण उघडून वरून तळहाताने दाबावी, नंतर हलकेच पीळ द्यावा. पाय वाकले किंवा सांध्यांत खडखड झाली तर ती ठेवून द्यावी.

यानंतर डोके. बरेच जण पायांना पैसे देतात आणि डोक्याशी काटकसर करतात. वस्तुतः कॅमेरा डोक्यावरच बसलेला असतो. तीन मुठींचे डोके प्रत्येक दिशेला स्वतंत्रपणे वळते. राजवाड्यासारखी सातमजली वास्तू सरळ उभी टिपावयाची असेल, किंवा कागदांची नक्कल करावयाची असेल, तर ते सोयीचे. गोळ्याचे डोके एकाच खिळीने सैल होते, चटकन् वळते, पिशवीत जागाही कमी घेते. प्रवाशाला ते बरे. चलच्चित्रण करणाऱ्याने तेलाच्या दाबावर संथ फिरणारे डोके घ्यावे, म्हणजे चित्र धक्के न खाता सरकते. कॅमेऱ्याला लावावयाची पट्टी सर्वत्र मिळणाऱ्या आर्का-स्विस मापाची असावी; हरवली तर दुसरी सहज मिळते. मोबाईलसाठी वेगळी चिमट्यासारखी पकड मिळते. ती याच तिवईवर बसते. मोबाईलकरिता निराळी तिवई घेण्याची गरज नसते.

वापर आणि निगा

तिवईवर कॅमेरा चढविला म्हणजे सर्व झाले असे नव्हे. बटण दाबताना बोटाचा धक्का बसतोच. म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. कंप सावरणारी यंत्रणा तिवईवर बहुधा बंद ठेवावी. काही कॅमेऱ्यांत ती आपोआप शांत होते, तेव्हा माहितीपुस्तिका वाचावी. घाटाच्या पायऱ्यांवर एक पाय खालच्या पायरीवर, उताराच्या दिशेने, लांब सोडावा आणि उरलेले दोन वर ठेवावेत. वारा असेल तर मधल्या आकड्याला पिशवी अडकवावी. मात्र ती झोके घेणार नाही अशी, जमिनीला जेमतेम टेकलेली असावी. नदीच्या वाळूतून किंवा समुद्रकाठाहून आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण उघडे ठेवून वाळवावेत. वाळूचा एक कण सांध्यात राहिला तर खिळ्या पुढे करकरू लागतात.

कुटुंबाचे चित्र काढताना कॅमेरा उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवावा, म्हणजे खुर्चीवर बसलेले आजी-आजोबा आणि मागे उभी मुले दोन्ही नीट दिसतात. ज्याने टायमर लावला त्याची जागा कडेला आधीच मोकळी ठेवावी, म्हणजे त्याला धावत येऊन कोणाला ढकलावे लागत नाही. एका वेळी चार-पाच चित्रे घ्यावीत; त्यांत एक तरी असे निघते की ज्यात कोणाचे डोळे मिटलेले नसतात.

दिवाळीला माणसे पुन्हा एकत्र येतील. कोणी पुण्याहून, कोणी परदेशातून, कोणी शेजारच्या गल्लीतून. अंगणात सकाळची ऊन्हे तिरपी असतात, फराळाची ताटे अजून यावयाची असतात, वडीलधारी मंडळी न्हाऊन नव्या कपड्यांत बसलेली असतात. चित्राला याहून चांगली वेळ नाही. वाचकांपैकी कोणाची तिवई माळ्यावर असेल, तर त्यांनी ती आजच खाली काढावी, सांधे पुसावेत, पाय उघडून वरून दाबून पाहावे. ती डगमगली नाही, तर नवी घेण्याचे कारणच नाही.