हवाईच्या राजस्त्रिया

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर जी राजसत्ता नांदत होती, तिच्यात कुलाची प्रतिष्ठा पित्याइतकीच मातेकडूनही उतरत असे. म्हणूनच सारी बेटे एकछत्री अंमलाखाली आणणाऱ्या पहिल्या कामेहामेहाची राणी केओपुओलानी ही दर्जाने खुद्द त्या पराक्रमी पतीहून श्रेष्ठ मानली जाई.

तथापि याच स्त्रियांना पुरुषांच्या पंक्तीस बसण्याची मनाई होती. डुकराचे मांस, नारळ व बहुतेक केळी त्यांना वर्ज्य असून या ‘कापू’ निर्बंधांच्या भंगास देहान्त शासन होते. १८१९ च्या मे महिन्यात कामेहामेहा निवर्तला, तेव्हा त्याची दुसरी राणी काआहुमानु हिने, राज्याचा कारभार आपण व युवराजाने मिळून पाहावा हीच दिवंगत राजाची इच्छा होती असे जाहीर करून, ‘कुहिना नुई’ हे मुखत्यारपद स्वीकारले. आणि वर्ष सरण्यापूर्वीच तिने व केओपुओलानीने तरुण राजा लिहोलिहो याला स्त्रियांसमवेत भोजनास बसविले. ख्रिस्ती मिशनरी तेथे उतरले ते त्यानंतर, १८२० साली! बंधमुक्तीचा तो पुढाकार त्या स्त्रियांचा स्वतःचा होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

पुढे परकीय रोगांच्या साथींनी प्रजा क्षीण होऊ लागली, तेव्हा राणी एम्मा व तिचा पती चौथा कामेहामेहा यांनी स्वतः फिरून वर्गणी जमविली आणि १८५९ साली होनोलुलूत रुग्णालय उघडले.

अखेरची राणी लिलिउओकालानी १८९१ मध्ये गादीवर आली. तिच्या भावावर धाकदपटशाने लादलेली राज्यघटना बदलण्याचा तिचा मानस कळताच गोऱ्या धनिकांनी, अमेरिकी वकिलाच्या पाठिंब्याने उतरलेल्या नौसैनिकांच्या बळावर, जानेवारी १८९३ मध्ये तिला पदच्युत केले. आणि दोन वर्षांनी, समर्थकांचा उठाव फसल्यावर, तिला तिच्याच इओलानी राजवाड्यातील एका खोलीत कैदेत ठेवले. त्या कैदेत रेशमी तुकडे जोडून शिवावयास घेतलेली, आणि स्वतःच्या बंदिवासाची हकीकत जिच्यावर भरतकामाने नोंदविली आहे अशी गोधडी त्या राजवाड्यात आजही जतन केलेली आहे. एका पदच्युत राणीने आपले दप्तर सुईदोऱ्याने लिहावे, यातील धैर्य मला रणांगणावरील धैर्याहून उणे वाटत नाही.

राज्य बुडाले, परंतु राजकुलाची सारी जमीन त्याबरोबर बुडाली नाही. इंग्रजी बोलण्यास अखेरपर्यंत नकार देणाऱ्या राजकन्या रूथ केएलिकोलानीने १८८३ मध्ये आपली विस्तीर्ण मिळकत आप्त पाउआही हिच्या नावे ठेविली होती. आणि १८७२ मध्ये देऊ केलेले सिंहासन नाकारणाऱ्या निपुत्रिक पाउआहीने मृत्युपत्राद्वारे आपली बहुतांश मालमत्ता शिक्षणकार्यास लावून दिली, जिच्यातून १८८७ साली मुलांची व १८९४ साली मुलींची शाळा सुरू झाली.