लोणार : काठावरून सेल्फी काढून परत फिरू नका

आजचा एपिसोड अगदी घरचा. मी सुलतानपूरचा, आणि लोणार आमच्याच तालुक्याचं गाव. पुण्याहून ऑफिसचे मित्र आले की त्यांना सरोवर दाखवायला नेतो. ते काठावर उभे राहतात, सेल्फी काढतात आणि दहा मिनिटांत विचारतात, "आता पुढे काय?" हे त्याचंच उत्तर.

आधी बेसिक. हजारो वर्षांपूर्वी आपल्या काळ्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर, एक अशनी आदळला आणि हे विवर तयार झालं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे १५० मीटर. आधी अनेकांना हे ज्वालामुखीचं तोंड वाटायचं. पण १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथे प्रचंड आघातानेच बनणारी काच सापडल्याचं समोर आलं. वयाबद्दल मात्र अजून वाद आहे: काही मोजमापं ५२ हजार वर्षं सांगतात, काही साडेपाच लाखांहून जास्त.

आता खरी गंमत. या वाडग्यात पाणी येतं, पण वाहून बाहेर जात नाही. आमच्या भाषेत इनपुट आहे, आउटपुट नाही. पाणी उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून काठाजवळच्या गोमुखाची धार गोडी आणि खालचं तळं खारट. जून २०२० मध्ये पाणी कमी झालं, खारटपणा वाढला, त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तळं गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून हे सांगितलं. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जाही मिळाला.

लोकांनी हा खारटपणा कथेतही गुंफलाय. इथे लवणासुर राहायचा आणि विष्णूने त्याला मारलं. लवण म्हणजे मीठ! त्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावातच आहे. ताऱ्यासारखा आराखडा, भिंतीभर कोरीवकाम. तिथे निवांत एक तास द्या.

मग सकाळच्या उन्हात, बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन गोमुखाकडून खाली जंगलात उतरा. मोर दिसतील, जुनी देवळं लागतील.

फक्त ती बाटली परत वर आणा. साबण, प्लास्टिक, निर्माल्य, जे आत जाईल ते वाहून जायला वाट नाही. या सिस्टीमला डिलीटचं बटणच नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!