बर्डीवर टोन लावताना

सकाळी साडेनऊ. नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे आमच्या बर्डीवर, मेन रोडवरची शटरं वर जाऊ लागतात. कीबोर्डचे टोन लावायची आमची खोली मोदी नंबरच्या एका गल्लीत, पहिल्या माळ्यावर. 14 एप्रिल तोंडावर आली, म्हणजे दिवसभर वादक आपापले कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह घेऊन जिना चढणार. कुणी यायच्या आत मी कालच्या सगळ्या फाइली संगणकावर उतरवून घेतो. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि शेवटी वादकाचं नाव. असं लिहिलं की जुनं-नवं आपोआप क्रमानं लागतं.

दहा वाजता काटोलचा एक मुलगा येतो. "भाऊ, मित्राचा सेट टाकला अन् माहे सारे टोन गेले." अरेंजर कीबोर्डमध्ये सेट म्हणजे टोन, त्यांच्यामागचे ध्वनिमुद्रित नमुने, ताल, परफॉर्मन्स असं सगळं एकत्र. पूर्ण सेट लोड केला की वादकानं स्वतः साठवलेल्या जागेवर नवं लिहिलं जातं. त्याच्याकडे दिवाळीत सेव्ह केलेली एक प्रत सापडते, त्यावरून बरंचसं परत येतं. त्यानंतरचे टोन मात्र कानानं पुन्हा बांधायचे. त्याच्या हातूनच आधी सगळं पेनड्राइव्हवर सेव्ह करवतो, मग मित्राच्या सेटमधले हवे तेवढेच टोन एकेक करून रिकाम्या जागांवर घेतो.

तरी एक परफॉर्मन्स शहनाईऐवजी पियानो वाजवतो. मुलगा घाबरतो. परफॉर्मन्समध्ये टोन नसतो, टोनचा फक्त पत्ता असतो: बँकेचे दोन आकडे आणि प्रोग्रामचा एक, प्रत्येक 0 ते 127 मधला. शहनाई दुसऱ्या घरी राहायला गेली, पण पत्र जुन्याच पत्त्यावर जात होतं. नवा पत्ता लिहून सेव्ह केलं की झालं. त्यातही काही वाद्यं पडद्यावर 1 ते 128 मोजतात, आत मात्र मोजणी 0 पासून असते. कागदावरचा 25 आत 24 असतो. हे ठाऊक नसलं की माणूस शेजारचाच टोन ऐकत तासभर डोकं धरून बसतो.

साडेअकरा ते दोन हा माझ्या आवडीचा वेळ. भीमगीतांच्या एका ऑर्केस्ट्राचे कीबोर्डवाले दादा गाण्यांची यादी घेऊन आलेले असतात. त्यांचे टोन वाद्यांप्रमाणे लावलेले: बासऱ्या एकीकडे, व्हायोलिनं एकीकडे. घरी शोधायला ते बरं. मंचावर मात्र मुखडा संपून अंतऱ्याचं संगीत सुरू व्हायच्या मधल्या दोन मात्रांत बोट नेमकं पुढच्या बटणावर पडलं पाहिजे. म्हणून आम्ही गाण्यांच्या क्रमानं मांडतो. एका गाण्याला लागणारे टोन शेजारी-शेजारी, एकच बासरी चार गाण्यांत असली तर चार ठिकाणी. गायकाची पट्टीही त्याच परफॉर्मन्समध्ये: या गाण्याला काळी एक, पुढच्याला पांढरी चार.

मग एकेक टोन घडवायचा. बासरीला मोनो करतो, कारण बासरीतून दोन स्वर एकदम निघत नाहीत. बोट उचलल्यावर रेंगाळणारा आवाज कमी करतो. शहनाईची मींड यावी म्हणून पिच बेंडची मर्यादा वादकाच्या हाताप्रमाणे ठरवतो. आणि वामनदादा कर्डकांची गाणी असली की मी हटकून सगळे चकचकीत टोन दबवायला सांगतो. त्या गाण्यांत शब्द लोकांपर्यंत पोचायचे असतात. स्ट्रिंग्जच्या लाटेखाली एक शब्द जरी बुडाला तरी गाणं हरलं. कीबोर्डवाल्या दादांना पहिल्यांदा हे पटत नाही. मग गायकाचा आवाज मोबाइलवर लावून दोन्ही तऱ्हा ऐकवतो.

दुपारचा डबा. बाहेर ऊन असं की गल्लीतली गर्दीही पातळ होते.

तीनला एक निवृत्त वादक आपला यामाहा डीएक्स-7 आणतात. 1983 सालचं हे मॉडेल. आत फक्त 32 टोनांची जागा, नाव दहा अक्षरांत बसवायचं. आतली स्मृती एका लहानशा बॅटरीवर जगते आणि ती आता संपली आहे. बॅटरी डाखलेली असल्यानं ते काम मी मेकॅनिककडूनच करून घेतो. नंतर मेमरी प्रोटेक्ट काढून मिडीच्या तारेनं 32 टोनांचा पूर्ण गठ्ठा पाठवायचा. तो 4,104 बाइटचा, मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट, म्हणजे सव्वा सेकंदाच्या जरा वर लागतं. काकांनी तरुणपणी बनवलेले टोन एका जुन्या फाइलीत टिकून होते. इलेक्ट्रिक पियानोचा पहिला सूर लागतो आणि ते खुर्ची ओढून वाजवायलाच बसतात. मी त्यांना थांबवत नाही.

साडेचारला वरातीत वाजवणारे धुमालवाले. त्यांचा कीबोर्ड गाडीवर, भोंग्यांतून वाजणार. खर्ज तिथं पोचतच नाही, म्हणून टोनचा मधला भाग उचलावा लागतो. वरातीसाठी बीन हवीच. 1954 च्या 'नागिन'मधली बीन कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती आणि त्यातून एका वेळी एकच स्वर निघे. म्हणून तो टोनही मोनो ठेवतो, कंप थोडा वाढवतो. कुणाच्या बँकेतला टोन घेतला, तर बनवणाऱ्याच्या नावाची अक्षरं मी पुसत नाही, पुसूही देत नाही. टोन घडवण्यात माणसाच्या रात्री गेलेल्या असतात.

सहाला सीताबर्डी स्थानकावरून मेट्रोच्या ऑरेंज लाइननं इंदोरा चौक. दादांच्या कार्यक्रमाची ध्वनितपासणी. हेडफोनवर सारखे वाटलेले टोन मोठ्या स्पीकरवर सारखे राहत नाहीत: सॅक्सोफोन अंगावर येतो, बासरी हरवते. दादा वाजवतात, मी मैदानाच्या मागच्या टोकाला उभा राहून हातानं खुणा करतो, आणि प्रत्येक गाण्यातली पातळी तिथल्या तिथं बदलून सेव्ह होते. तेवढ्यात गायिका यादीतलं तिसरं गाणं नवव्या जागी नेते. क्रम पुन्हा लावतो.

साडेआठला अंतिम सेट दोन पेनड्राइव्हवर घेतो, दोन्ही एफएटी-32 मध्ये फॉरमॅट केलेले. दोन्ही एकदा वाद्यात लावून उघडून पाहतो. एक दादांच्या बॅगेत जातो, दुसरा ऑक्टोपॅडवाल्याच्या खिशात.